पट्टीचा पोहणारा आणि उतारावरचा ट्रक

पट्टीचा पोहणाराच बुडतो, ही म्हण लहानपणी मला अन्यायाची वाटायची. ज्याने शिकायचे कष्ट घेतले त्याला टोमणा, आणि काठावर बसून पाय भिजवणारा मात्र शहाणा? पुढे कधीतरी लक्षात आलं की म्हण फार साधी गोष्ट सांगते आहे. ज्याला पोहता येत नाही तो डोहात उतरतच नाही. बुडायचं तर आधी खोल पाण्यात जावं लागतं, आणि तिथवर नेतो तो स्वतःवरचा भरवसा.

लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरांकडे पाहिलं की ही म्हण आठवते. अनुभवाने माणूस सुधारतो यात वाद नाही; नवख्याच्या हातून चुका जास्तच होतात. पण अनुभव दोन गोष्टी वाढवतो. एक हातातलं कसब आणि दुसरा त्या कसबावरचा विश्वास. गोम अशी की या दोन्ही एकाच वेगाने वाढत नाहीत. पहिल्या काही वर्षांत कसब झपाट्याने वाढतं आणि मग त्याची गती मंदावते. विश्वास मात्र चढतच राहतो, कारण त्याला रोज खाऊ मिळतो. या दोहोंमधलं जे अंतर पडतं, त्याला आपण फाजील आत्मविश्वास म्हणतो. म्हणजे तो असायला माणूस गर्विष्ठ किंवा उर्मट असायलाच हवा असं नाही. अगदी शांत, मवाळ, कुणाला उलटून न बोलणाऱ्या ड्रायव्हरमध्येही हे अंतर रुंद असू शकतं.

हे अंतर ट्रकवाल्यांपुरतंच आहे असंही समजू नका. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1981 साली विद्यार्थ्यांच्या दोन गटांना विचारलं होतं की इथे जमलेल्यांमध्ये तुमचं ड्रायव्हिंग कितपत चांगलं. अमेरिकी गटातल्या 93 टक्क्यांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं, स्वीडिश गटातल्या 69 टक्क्यांनी. वरच्या निम्म्यात जागा असतात 50 टक्क्यांनाच. त्याआधी 1965 साली अमेरिकेत प्रेस्टन आणि हॅरिस या दोघांनी अपघात होऊन रुग्णालयात पडलेल्या चालकांना हाच प्रश्न विचारला होता. अपघात न झालेल्या चालकांनी स्वतःला जितके गुण दिले, साधारण तितकेच यांनीही स्वतःला दिले. पलंगावर पडून! हे वाचून मला हसू आलं आणि मग मी मनातल्या मनात स्वतःला गुण देऊन पाहिले. ते इथे सांगत नाही.

आता प्रश्न असा की वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला आपली खरी पातळी कळत का नाही? सुताराला कळते, सांधा बसला नाही तर तो लगेच दिसतो. आचाऱ्याला कळते. रॉबिन होगार्थ या अभ्यासकाने यावर एक उपयोगी विभागणी केली आहे. काही कामं सरळ शिकवतात: चूक केली की लगेच, स्पष्ट आणि दर वेळी फळ मिळतं. काही कामं फसवं शिकवतात: चुकीचं फळ कधी मिळतं, कधी मिळत नाही, आणि मिळालं तरी ते कोणत्या चुकीचं होतं ते समजत नाही. ट्रक चालवणं या दोन्हींचं मिश्रण आहे. गिअर टाकणं, वळण काढणं, ट्रेलर मागे घेणं हे सरळ शिकवतं. चुकलात तर गिअरचे दात खरखरतात किंवा खांब वाकतो. पण अंतर किती ठेवायचं, कधी थांबायचं, झोप किती हवी, उताराला कुठल्या वेगाने लागायचं, हे सगळं फसव्या बाजूला पडतं.

पुढच्या गाडीपासूनच्या अंतराचंच बघा. ताशी 80 किमी म्हणजे सेकंदाला 22 मीटर. समोर काही घडलेलं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर तिथेच गेले. एअर ब्रेकमध्ये हवा नळ्यांतून शेवटच्या चाकापर्यंत पोचायला आणखी अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो. म्हणजे आणखी 11 मीटर. ब्रेक अजून लागायचाच आहे आणि 44 मीटर संपले. तरीही एखादा ड्रायव्हर 30 मीटर अंतर ठेवून हजार फेऱ्या सुखरूप करू शकतो, कारण हजार फेऱ्यांत पुढच्याने एकदाही अचानक ब्रेक दाबलेला नसतो. प्रत्येक फेरी त्याच्या मनाच्या वहीत ‘जमलं’ म्हणून लिहिली जाते. खरं तर तिथे ‘परीक्षाच झाली नाही’ असं लिहायला हवं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी 1986 च्या जानेवारीतल्या चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेचा अभ्यास करताना हीच खोड मोठ्या संस्थेत दाखवून दिली. नियमापासून थोडं ढळलं, काही झालं नाही, म्हणून ते ढळणंच नवा नियम झालं. मग त्यापासून आणखी थोडं. आपल्या भाषेत याला वाकडं अंगवळणी पडणं म्हणता येईल. केबिनमध्ये एकट्या बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे आणखी सोपं होतं, कारण बाजूला टोकणारा कोणी नसतो.

या सगळ्यात झोपेचा मामला सर्वांत कावेबाज आहे, म्हणून तिथे जरा जास्त थांबतो.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांचे गट करून काहींना सलग 14 दिवस रोज 8 तास, काहींना 6 तास, तर काहींना 4 तासच झोपू दिलं. रोज त्यांची लक्ष देण्याची चाचणी घेतली आणि रोज विचारलं, किती झोप आल्यासारखं वाटतंय? रोज 6 तास झोपणाऱ्यांची चाचणीतली कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि दोन आठवड्यांच्या शेवटी आख्खी रात्र जागलेल्या माणसासारखी झाली. 4 तासवाल्यांची तर दोन रात्री जागल्यासारखी. पण ‘किती झोप येते’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. त्यांना वाटत होतं की शरीराला सवय झाली. सवय झाली होती ती फक्त वाटण्याला.

म्हणजे ज्या अवयवाने थकव्याचा अंदाज घ्यायचा, तोच थकलेला. ‘मला माझं शरीर कळतं’ असं म्हणणारा ड्रायव्हर खोटं बोलत नसतो. तो बिघडलेल्या तराजूवर प्रामाणिकपणे वजन करत असतो. डॉसन आणि रीड यांनी 1997 साली दाखवलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची हात आणि डोळे यांची सांगड रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढिली होते. पुष्कळ देशांत वाहन चालवायला कायद्याची मर्यादाच तेवढी आहे. फरक एवढाच की प्यायलेल्याला निदान आपण प्यायलोय हे माहीत असतं.

मध्यरात्र उलटल्यावर, साधारण 2 ते 6 या वेळात शरीराचं घड्याळ माणसाला झोपेकडे ओढतंच, मग तो कितीही मुरलेला असो. त्या वेळची डुलकी तीन-चार सेकंदांची असते आणि पुष्कळदा ती लागून गेल्याचं कळतही नाही. डोळे उघडेही राहू शकतात. चार सेकंद म्हणजे 80 च्या वेगाला जवळजवळ 90 मीटर, चालकाविना. खिडकी उघडून गार वारा घेणं, रेडिओ मोठा करणं, तोंडावर पाणी मारणं, गालात चापट मारून घेणं, हे सगळे उपाय काही मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. पण त्या काही मिनिटांत माणूस ‘आता ठीक आहे’ असं ठरवून पुढचा थांबा ओलांडून जातो. कॉफी पिऊन लगेच 15 ते 20 मिनिटं आडवं होणं त्यापेक्षा पुष्कळ बरं. कॅफीन अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. रात्रभराच्या झोपेची भरपाई मात्र त्याने होत नाही.

आता उतार. चढावर ट्रक कण्हतो, घाम काढतो, त्यामुळे तिथे कोणी गाफील राहत नाही. उतारावर सगळं सोपं वाटतं.

40 टनांचा भरलेला ट्रक 6 टक्के उताराच्या 10 किमी रस्त्यावरून खाली येतो असं धरा. म्हणजे तो 600 मीटर खाली उतरला. एवढं वजन एवढं खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात 750 लिटर गार पाणी उकळीला येईल. ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी वाऱ्याच्या आणि टायरच्या विरोधात जाते, उरलेली एकतर इंजिन खातं किंवा ब्रेकचे ड्रम. ड्रमच्या वाट्याला जास्त आली तर ते तापतात, तापले की फुगतात, म्हणजे आतल्या लायनरपासून, त्यांना आतून घासून चाक रोखणाऱ्या अस्तरापासून, दूर सरकतात. आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. यालाच ड्रायव्हर ‘ब्रेक गेला’ म्हणतात. तो गेलेला नसतो, पोचत नसतो.

इथे एक बारीक पण घातक गोष्ट आहे. तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये बिघाड व्हायला लागला की पॅडल मऊ लागतं, खाली जातं, पायाला कळतं. एअर ब्रेकचं पॅडल फक्त हवा किती सोडायची ते ठरवतं. चाकाजवळ ड्रम किती फुगलाय, लायनर किती झिजलंय याची खबर ते पायापर्यंत आणत नाही. पाय नेहमीसारखा, पॅडल नेहमीसारखं, आणि दर वळणाला थोडी जास्त हवा लागते आहे एवढंच. वीस वर्षांच्या पायालाही हे कळत नाही, कारण कळण्यासारखं तिथे काही पोचतच नाही.

उताराबद्दल जुन्या ड्रायव्हरांचा एक नियम जगभर ऐकू येतो: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांपेक्षा हा नियम लाख पटीने शहाणा आहे, यात शंका नाही. पण तो ज्या ट्रकांसाठी घडला ते ट्रक आता राहिले नाहीत. आजचं इंजिन जास्त ताकदीचं, त्यामुळे चढ वरच्या गिअरमध्ये निघतो. आणि नव्या ट्रकची ठेवण वारा कापणारी, आतली घर्षणं कमी, त्यामुळे उतारावर त्याला आपसूक रोखणारं कमी असतं. म्हणून नव्या ट्रकने चढताना लागला त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावं लागू शकतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक परवान्याच्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलं आहे. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यात कोणी मूर्ख नाही. नियम खरा होता, सांगणारा अनुभवी होता, खालून रस्ता तोच होता. बदलला फक्त ट्रक.

ब्रेक वापरायचाच तर तो धरून ठेवायचा नाही. उताराला सुरक्षित वाटणारा वेग आधी ठरवायचा, तिथे पोचलं की ठाम दाबून ताशी 8 किमीने वेग उतरवायचा, तीन सेकंदांत हे होतं, आणि पाय पूर्ण उचलायचा. वेग पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आला की पुन्हा तसंच. मधल्या काळात ड्रमला श्वास घ्यायला मिळतो. मुख्य काम इंजिनाचं आणि खालच्या गिअरचं. आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकलेला हवा. एकदा वेग वाढला की खालचा गिअर बसत नाही, न्यूट्रलमध्ये अडकायची भीती.

क्लेसी कमिन्स या माणसाला हे अंगावर शेकून कळलं. डिझेल इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा हा संस्थापक. त्या काळात ट्रकमधलं डिझेल इंजिन त्याच्याइतकं ओळखणारी माणसं मोजकीच असतील. 1931 साली त्याने डिझेल ट्रक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला नेला. आख्खा देश आडवा ओलांडायला इंधन लागलं 11 डॉलर 22 सेंटचं. जाहिरातीला याहून काय हवं? पण कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीच्या लांब उतारावर ब्रेक तापून निकामी झाले. तळाशी रेल्वेमार्ग रस्ता ओलांडत होता आणि नेमकी मालगाडी चालली होती. तिचा शेवटचा डबा सरकला आणि मागून ट्रक थोडक्यात निसटला.

गंमत म्हणजे दोष त्याच्याच लाडक्या इंजिनाच्या स्वभावात होता. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची वाट आवळली जाते आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. डिझेल इंजिनात हवेची वाट उघडीच असते, त्यामुळे ते नुसतं फिरत राहतं, ओढत नाही. त्या निसटलेल्या क्षणाचे दोन अर्थ लावता आले असते. पहिला: बघा, कसला कसलेला ड्रायव्हर, असल्या प्रसंगातूनही वाचवलं. दुसरा: अपघात झालाच आहे, फक्त रेल्वेचा डबा वेळेवर सरकला. कमिन्सने दुसरा लावला आणि तो प्रसंग वीस-पंचवीस वर्षं डोक्यात ठेवला. उतारवयात त्याने एक युक्ती काढली. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की ऐन टोकाला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उघडायचा. दाबण्यात खर्च झालेली ताकद बाहेर फेकली जाते, परत मिळत नाही, आणि इंजिनाचा ब्रेक होतो. ड्रिलची चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने ही युक्ती 1961 पासून विकायला काढली. उतारावर मोठे ट्रक जो टर्रर्र आवाज काढतात, तो तिचाच.

अर्थात साधन आलं की भरवसाही त्याच्या मागोमाग येतो. म्युनिकमध्ये टॅक्सींच्या ताफ्यातल्या काही गाड्यांना चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक बसवून त्यांची इतरांशी तुलना केली होती. अपघात कमी झाले नाहीत. चांगला ब्रेक मिळालेले चालक वळणं जास्त जोरात घेऊ लागले आणि पुढच्या गाडीच्या जवळ जाऊ लागले. वाचलेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्च केली.

मग नम्रता म्हणजे काय? भित्रेपणा नव्हे हे आधी सांगतो, कारण भित्रा ड्रायव्हरही धोक्याचा. महामार्गावर मिसळताना कचरणारा 40 टनांचा ट्रक मागच्या सगळ्यांना अडचणीत टाकतो. ड्रायव्हरची नम्रता स्वभावात शोधू नये, हातापायांच्या हालचालीत शोधावी. ट्रेलर मागे घेताना बघा. ज्याला खरंच येतं असा माणूस बऱ्याचदा मध्येच थांबतो, हँडब्रेक ओढतो, खाली उतरतो, मागे जाऊन बघतो, पुन्हा चढतो. चार हात मागे, पुन्हा उतरतो. माल उतरवायला थांबलेली पोरं एकमेकांकडे बघून हसतात. त्याला आरशात दिसत नाही असं नाही. आरशात काय दिसत नाही हे त्याला माहीत आहे.

तसंच सुटकेच्या रस्त्याचं. लांब उतारांवर बाजूला खडीने भरलेली एक वाट काढलेली असते. ब्रेक गेलेला ट्रक तिच्यात घातला की चाकं गोल खड्यांत रुततात आणि ट्रक थांबतो. ती वाट समोर असूनही काही जण तिच्यावरून सरळ पुढे जातात. गाडीचं नुकसान होईल, ओढून काढायचा खर्च येईल, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वळणापर्यंत सावरेल असं वाटतं. त्या क्षणी निर्णय घ्यायला फार उशीर झालेला असतो. ज्याने वरच, ब्रेक गार असताना, स्वतःला सांगून ठेवलंय की वेग अमुक आकड्याच्या पुढे गेला आणि उतरेना तर पहिल्याच वाटेत घालायचा, त्याला तिथे विचार करावा लागत नाही.

हे सगळं ड्रायव्हरच्या एकट्याच्या माथी मारायचं नाही. ज्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात त्याला थांबण्याचा प्रत्येक तास पदरचा पडतो. म्हणून काही ठिकाणी कायद्यानेच थांबायला लावलं आहे. युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला साधारण 9 तासच चालवणं. अमेरिकेत सलग 10 तासांच्या सुट्टीनंतर 11 तास चालवणं, तेही 14 तासांच्या आत. मुरलेल्या ड्रायव्हरांना हे नियम अपमानास्पद वाटतात, आणि त्यांची एक तक्रार रास्तही आहे: घड्याळाला माझी ताजी सकाळ आणि माझी जड दुपार यांतला फरक कळत नाही. खरं आहे. पण व्हॅन डोंगेनच्या प्रयोगात 6 तास झोपणाऱ्यांनाही तो कळत नव्हता.

आणि सावधपणाची पावती कोणीच देत नाही. फाजील भरवशाची चूक लपून राहते, तशीच सावधपणाची कमाईही. जो उताराच्या माथ्यावर थांबतो, चाकांभोवती फिरतो, हवेचा काटा बघतो, त्याला कधीच कळणार नाही की शेकडो वेळांपैकी नेमक्या कोणत्या वेळी त्या पाच मिनिटांनी त्याला वाचवलं.

तो माथ्यावर गाडी बाजूला घेतो. मागून येणारा ट्रक हॉर्न देत उताराला लागतो. हा एकेका चाकाजवळ वाकतो आणि हाताचा पंजा ड्रमजवळ नेतो, टेकवत नाही, नुसती धग लागते का बघतो. एक, दोन, तीन, ट्रेलरची बाजू, पलीकडची बाजू. सगळे गार. काल इथे होते तसेच, परवा होते तसेच. वर चढतो, खालचा गिअर टाकतो आणि निघतो.